व्हर्लिन टोलमनचा उजवा पाय

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता व्हर्लिन टोलमन तळावरच्या लांब लाकडी बाकाशी उभा राही आणि जमलेल्या लोकांना घाट कसा उतरायचा ते सांगे. फिरती घरं उभी करायचा हा तळ बिगहॉर्न डोंगराच्या माथ्यावर, सूचिपर्णी झाडांच्या दाटीत होता. तिथून पश्चिमेला लव्हेल गावाकडे जाणारा रस्ता दहा मैल सलग उतरतो, आणि शंभर पावलांमागे दहा पावलं खाली जातो. येणारे बहुतेक साठी ओलांडलेले, पिकअपच्या मागे आपलं फिरतं घर जोडून आलेले. चढताना त्यांना फारशी काळजी नसे. इंजिन धापा टाकी, एवढंच. भीती उतरण्याची होती, कारण उतरताना आपलंच घर आपल्याला मागून ढकलत असतं.

"ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरा," व्हर्लिन सांगे. "आणि तो गिअर वरच टाका, उताराला लागल्यावर नाही. वेग पस्तीसवर गेला की ब्रेक दाबा, नीट दाबा, पंचवीसवर आणा आणि पाय उचला. पूर्ण उचला. मधल्या वेळात चाकं थंड होतात. जो माणूस ब्रेक कुरवाळत उतरतो, त्याचे ब्रेक अर्ध्या वाटेत संपतात."

"म्हणजे बायकोशी बोलावं तसं," एकदा एक टेक्सासचा म्हातारा म्हणाला. "काय ते एकदा ठणकावून सांगायचं आणि गप्प बसायचं."

"मला विचारू नका. माझी बायको भांडतच नाही."

"भांडायला मधे जागा तर मिळायला हवी," मागून कॉफीची किटली घेऊन येणारी नेड्रा म्हणाली. "याचं भाषण संपलं की सांगा मला."

लोक हसत. व्हर्लिनही हसे. मग तो बोलण्याचा शेवट नेहमी एकाच वाक्याने करी: "किती दाबायचं ते मी सांगू शकत नाही. ते पायाला कळतं."

त्याच्या पायाला ते कळत होतं यात संशय नव्हता. लव्हेलच्या उत्तरेला पांढऱ्या चिकणमातीच्या खाणी आहेत. तिथून गिरणीपर्यंत माती वाहणारे अवजड ट्रक त्याने एकतीस वर्षं चालवले, बर्फावर, धुळीत, खाणीच्या निसरड्या वळणांवर. आणि एकदाही ट्रक रस्त्याखाली गेला नाही. निवृत्त झाल्यावर त्याने आणि नेड्राने गावातलं घर विकलं आणि हे तीस फुटी फिरतं घर घेतलं. हिवाळ्यात ते ॲरिझोनाच्या वाळवंटात जात, उन्हाळ्यात इथे तळाची राखण करत. संडास धुवायचे, चुलींतली राख काढायची, आलेल्यांना जागा दाखवायची. त्या बदल्यात राहायला जागा मिळे. बारा वर्षं हे असं चाललं होतं.

या लोकांत एक रीत आहे. ज्याला घाटाची धास्ती वाटते तो तळाच्या राखणदाराकडे येतो आणि, काही मोठी गोष्ट नाही अशा सुरात, "माझं खाली नेऊन देता का" असं विचारतो. व्हर्लिन कधी नाही म्हणाला नाही. मालक नवराबायको त्याच्या मागून दुसऱ्या गाडीत येत, खाली पोचल्यावर हात हातात घेत, घरी भाजलेली सफरचंदाची पाई देत. त्याने असली दोनशेच्या वर घरं उतरवली असतील. वय झालेल्या माणसाला समाज बहुधा एकच प्रश्न विचारतो: तू अजून कशाला उपयोगी आहेस? बहुतेकांना उत्तर सापडत नाही. व्हर्लिनला सापडलं होतं, आणि ते इतकं निखालस होतं की त्याने त्याच उत्तराने इतरांनाही मोजायला सुरुवात केली.

एल्डन क्रॉफ्टला त्याने असंच मोजलं. एल्डन त्याचा खाणीतला सोबती, सत्त्याहत्तर वर्षांचा. मागच्या सप्टेंबरात तो एकट्याने उतरला, तेव्हा त्याच्या घराच्या चाकांतून धूर निघत होता. दोन दिवसांनी तो ओशाळं हसत परत वर आला, तेव्हा शेकोटीभोवती दहाबारा माणसं बसली होती.

"एल्डन, तुझं झालं आता," व्हर्लिन सगळ्यांसमोर म्हणाला. "घर विकून टाक."

"अरे, एकदा जरा गरम झाले ब्रेक—"

"एकदा नाही. पुढच्या वेळी तू एकटा मरणार नाहीस, समोरून येणारं कुणी तरी घेऊन जाशील. ज्याला उतरवता येत नाही, त्याने घर ठेवू नये."

कुणी एल्डनची बाजू घेतली नाही, कारण बोलणं खरं होतं. एल्डनने ऑक्टोबरात घर विकलं आणि कॅस्परला वृद्धांच्या इमारतीत एक खोली घेतली. मार्च उजाडण्याआधी तो गेला. व्हर्लिनला दुःख झालं. पण आपण चुकलो असं त्याला तेव्हाही वाटलं नाही, आणि नंतरही, जेव्हा वाटायला हवं होतं तेव्हाही, वाटलं नाही. तो निवाडा योग्यच होता. म्हणून तर तो पुढे त्याला टाळता येईना.

त्या हिवाळ्यात वाळवंटात असताना त्याच्या उजव्या पायाच्या बोटांत आधी मुंग्या आल्या आणि मग मुंग्याही गेल्या. साखरेचा आजार त्याला नऊ वर्षांपासून होता. मे महिन्यात लव्हेलला परतल्यावर तो दवाखान्यात गेला. तिथल्या परिचारिकेने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक दोरा तळपायाला दहा ठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा." व्हर्लिनला काही लागत नव्हतं. पण ती वाकली की तिच्या बाहीचं कापड सळसळे. तेवढं ऐकून तो "हो" म्हणत गेला. दहापैकी आठ वेळा त्याचं बरोबर आलं. आयुष्यात त्याने परीक्षेत केलेली ही पहिली लबाडी, आणि ती त्याला फार सोपी गेली.

उन्हाळाभर त्याने पायाचं काम डोळ्यांवर सोपवलं. स्टिअरिंगच्या खाली एक लहान डबी बसवलेली असते. ब्रेक दाबला की मागच्या घराच्या चाकांना किती जोर जातो, तो आकडा तिच्यावर लाल उमटतो. पायाला कळत नसलं तरी आकडा दिसत होता. आकडा शून्यावर आला म्हणजे पाय उचलला गेला. जाड बूट सोडून त्याने पातळ कापडी जोडे घातले. नेड्राने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बूट आता चावतात. लोकांची घरं उतरवणंही त्याने कमी केलं. कंबर दुखते म्हणाला. जी चार उतरवली ती भल्या सकाळी, डोंगराच्या सावलीत, आकडा ठळक दिसतो तेव्हा. चारही नीट उतरली. आपल्याला अजून उतरवता येतं, असं तो स्वतःला सांगू लागला. आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं, ही त्यातली वाईट गोष्ट होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तळ बंद व्हायचा होता. पुढच्या दोन दिवसांत बर्फाचा अंदाज होता. व्हर्लिनने सकाळी सातला निघायचं ठरवलं होतं. पण तळ ताब्यात घेणारा वनखात्याचा माणूस सकाळी आठला येतो म्हणाला आणि आला दुपारी दोनला. मग संडासांची दारं मोजा, चुलींच्या जाळ्या मोजा, सही करा. कोरीन हॉगन पहाटेच आपलं घर घेऊन खाली गेली होती. ती मिनेसोटाची, पंचावन्नची विधवा. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या पश्चात ती घर विकायला निघाली होती, तेव्हा व्हर्लिननेच तिला चार वेळा शेजारी बसून घाट उतरायला शिकवलं होतं. लव्हेलला साखर कारखान्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात थांबते, तिथे एकत्र जेवू, असं तिने सांगून ठेवलं होतं.

"उद्या सकाळी जाऊ," साडेतीन वाजले तेव्हा नेड्रा म्हणाली.

"उद्या बर्फ आहे."

"बर्फ परवा आहे. तूच वाचून दाखवलंस."

"उद्या रात्री लागेल. आणि कोरीन थांबलीय." त्याला थांबायला हवं होतं. पण का थांबायचं ते सांगितलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पहिले पाच मैल ठीक गेले. दुसरा गिअर, आकडा, पाय वर. मग रस्ता पश्चिमेला वळला आणि उतरता सूर्य समोरच्या काचेतून सरळ आत आला. व्हर्लिनने काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली, पण डोळे दिपले ते दिपलेच. डबीवर लाल आकड्याच्या जागी नुसती चकाकणारी काच होती. त्याने मान खाली घालून पाहायचा प्रयत्न केला, तोवर वळण आलं. त्याने पाय उचलला. निदान उचलला असं त्याला वाटलं.

"कसला तरी वास येतोय," नेड्रा म्हणाली.

"पुढे कुणी तरी ब्रेक जाळत चाललंय."

नेड्राने समोर पाहिलं. दोन वळणांपर्यंतचा रस्ता दिसत होता, आणि त्यावर कुणी नव्हतं.

"व्हर्लिन, पुढे कुणी नाहीय."

त्याने ब्रेक दाबला. पेडल, त्याच्या अंदाजाने जिथे थांबायला हवं होतं तिथे, थांबलं नाही. गुडघ्याला ते कळलं. पाऊल कळवत नव्हतं, पण गुडघा जास्त खाली गेला होता. काटा पंचेचाळीसवर होता आणि मागून घर रेटा देत होतं. इंजिन किंचाळत होतं. डाव्या हाताला अर्ध्या मैलावर थांबायची रुंद जागा होती. तिच्या पुढे, सुटलेल्या गाड्यांसाठी केलेला खडीचा चढ. आणि त्या दोन्हींच्या मध्ये दोन वळणं.

"कळ," तो म्हणाला. "डबीची कळ सरकव."

"तिला हात लावायचा नाही म्हणाला होतास."

"सरकव, नेड्रा."

त्या कळीने फक्त मागच्या घराचे ब्रेक लागतात. नेड्राने ती बोटाने शेवटपर्यंत सरकवली आणि धरून ठेवली. घराने एक हिसका दिला, पकडलं, सोडलं, पुन्हा थोडं पकडलं. व्हर्लिनने हातब्रेक ओढला. रुंद जागेतली खडी चाकांखाली करकरली आणि गाडी कठड्यापासून तीन हातांवर उभी राहिली. नेड्राचं बोट अजून कळीवर होतं. त्याने ते उचलून बाजूला केलं.

चारही चाकांतून धूर येत होता. नेड्रा पाण्याचा डबा घेऊन धावली.

"पाणी नको. तडकतील. आपोआप निवू दे."

ती डबा घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने तो खाली ठेवला, त्याला पायरीवर बसवलं आणि त्याचा उजवा जोडा काढला. मोजा काढला. अंगठ्याखाली एक जखम होती, जुनी, काठ पांढरे पडलेली; आत बारीक खडा रुतलेला होता.

"हे केव्हाचं?"

"माहीत नाही."

"दुखत नाही?"

"नाही."

तिने अंगठा धरून दाबला. त्याच्याकडे पाहिलं. आणखी जोरात दाबला. तो खोऱ्याकडे पाहत होता.

"केव्हापासून?"

"जानेवारी."

"आणि या उन्हाळ्यात तू चार जणांची घरं उतरवलीस. ते लोक मागून येत होते, हसत. मी त्यांच्या शेजारी बसले होते." तिचा आवाज चढला नाही. "मला सांगितलं असतंस तर?"

"तर काय केलं असतंस तू? उतरवलं असतंस?"

"तू शिकवलं असतंस तर उतरवलं असतं. कोरीनला शिकवलंस. त्या इडाहोच्या शिक्षिकेला शिकवलंस. दर शनिवारी सांगायचास, बायकांनी शिकून घ्यावं, नवऱ्याला काही झालं तर. मी कॉफी ओतत ऐकायची."

तिला शिकवायचं नाही, असं व्हर्लिनने ठरवलं नव्हतं. या लोकांत नवरा चालवतो आणि बायको मागे उभी राहून हाताने खुणा करते, जागा दाखवते, नकाशा वाचते. हे इतकं रुळलेलं असतं की त्याचा निर्णय कुणी कधी घेतलेला नसतो. परक्या बाईला शिकवणं हा उपकार होता. स्वतःच्या बायकोला शिकवणं म्हणजे आपण एक दिवस असणार नाही, किंवा असूनही नसल्यासारखे असू, हे मान्य करणं होतं. बारा वर्षांत त्याला त्यासाठी एकही सकाळ सापडली नव्हती.

दीड तासाने खालून कोरीनची मोकळी पिकअप वर आली. वाट पाहून ती शोधायला निघाली होती. ती उतरली, वास घेतला, एकेका चाकाजवळ हात न लावता तळवा धरून पाहिला. मग व्हर्लिनचा उघडा पाय पाहिला.

"अजून अर्धा तास निवू दे," ती म्हणाली. "मग मी नेते. राहिलेत चार मैल. पहिल्या गिअरमध्ये नेते, पायी चालल्यासारखी."

"मी शेजारी बसतो," व्हर्लिन म्हणाला.

"नको."

"माझी गाडी आहे, कोरीन. तिचं पेडल कुठे पकडतं ते—"

"पेडलचं मी बघते. तुम्ही नेड्राबरोबर माझ्या गाडीत या." तिने चावीसाठी हात पुढे केला. "मागच्या वर्षी शेकोटीला मी होते, व्हर्लिन. एल्डनशी तुम्ही बोललात तेव्हा. मी तुम्हाला तसलं काही बोलणार नाही."

तिने ते दयेने म्हटलं होतं. पण कुणी काही बोललं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं. आता ते वाक्य उच्चारायचं काम त्याच्याच वाट्याला आलं.

मागून नेड्रा कोरीनची पिकअप चालवत होती, आणि व्हर्लिन समोर आपलं घर जाताना पाहत होता. घराच्या मागचे लाल दिवे लागत, विझत, लागत, विझत. मधली अंतरं अचूक होती. कोरीन त्याच्याहून चांगलं उतरवत होती, हे त्याला दुसऱ्याच वळणावर कळलं. खाली पटांगणात गाडी उभी करून ती चालत आली, नेड्राच्या बाजूची काच खाली होईपर्यंत थांबली आणि चावी नेड्राच्या हातात ठेवली. व्हर्लिनकडे तिने पाहिलं नाही.

जेवण झालं नाही. कोरीनला पहाटे निघायचं होतं. ती दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघून गेली.

"विकून टाकू," त्या संध्याकाळी व्हर्लिन म्हणाला.

"आणि राहू कुठे?"

हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. जे खरं होतं ते त्याने एल्डनला सांगितलं होतं. त्यापुढे माणूस राहतो कुठे, हे त्या खरेपणात कुठेच नव्हतं.

ते लव्हेलमध्येच राहिले, कारण तिथून दक्षिणेकडे जायला घाटांखेरीज वाट नव्हती. गावाच्या कडेला चौदा फिरत्या घरांची एक वस्ती आहे. तिच्या टोकाची जागा मिळाली. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. नोव्हेंबरात पाण्याचा नळ गोठला, खिडक्यांच्या आतल्या बाजूला बर्फ धरला. पायाची जखम भरली नाही. डॉक्टरांनी दोन बोटं काढली, आणि पुढे बघू म्हणाले.

डिसेंबरातल्या एका कोरड्या दुपारी नेड्रा स्वतःहून म्हणाली, "चल, शिकव."

ब्रेक नवे बसवले होते. त्यांनी घर जोडलं आणि बंद पडलेल्या धान्यगोदामाच्या मागच्या लहानशा उतारावर नेलं. नेड्रा स्टिअरिंगशी बसली. तिचं वय एकाहत्तर, कंबरेचा एक सांधा बदललेला. व्हर्लिन शेजारी बसला. गिअर, वेग, केव्हा दाबायचं, केव्हा सोडायचं, सगळं त्याने सांगितलं. नीट सांगितलं, शनिवारच्याहून नीट.

"दाबू किती?"

"नीट दाब."

"नीट म्हणजे किती?"

"मागचं घर धरतंय असं वाटेपर्यंत."

"ते कुठे वाटतं?"

इतकी वर्षं तो हे इतरांच्या पायांवर सोपवून मोकळा झाला होता. कोरीनच्या शेजारी बसला होता तेव्हा त्याचा स्वतःचा पाय नकळत तिच्याबरोबर दाबायचा, उचलायचा, आणि त्याला कळायचं, आता जास्त झालं, आता कमी पडलं. आता त्याने खाली पाहिलं. त्याचा पाय मोठ्या औषधी बुटात होता आणि काहीच करत नव्हता. नेड्रा बरोबर दाबते आहे की चूक, हे सांगायचं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

तिने दाबलं. गाडी गचका देऊन उभी राहिली; मागे कपाटातली भांडी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा तिने कमी दाबलं, आणि ते उताराच्या तळापर्यंत घरंगळत गेले. तिसऱ्यांदा ती वर चढवून थांबली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसली.

"बारा वर्षांपूर्वी शिकले असते," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. एखादी तारीख सांगावी तसं ती म्हणाली. "आता माझ्या पायात तेवढा जोर नाही, व्हर्लिन. आणि माझी मलाच भीती वाटते. त्या रस्त्यावर मी नाही नेणार हे."

"मग?"

"मग काही नाही."

तिने सावकाश, दर वळणाला थांबत, घर वस्तीत परत आणलं. उभं करताना मागे खुणा करायला कुणी नव्हतं. व्हर्लिन उतरून मागे गेला आणि काठी टेकत, एका हाताने, तिला आत घेऊ लागला. डावीकडे. अजून. थांब. शेजारच्या घरातला म्हातारा दारात येऊन पाहत होता.

"कुठे निघालात की काय?" त्याने विचारलं.

"नाही," व्हर्लिन म्हणाला, आणि वाकून चाकांखाली ठोकळे सरकवू लागला.